क्रूसाखाली पाय

१

झाकण निघालं आणि जिथं डोकं असायला हवं होतं तिथं पाय निघाले.

फादर कोर्मिये दोन पावलं मागं सरकले. खड्डा खणणारे दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दुकानवाल्या बेर्तील पोमेर्लोबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली, आणि डॉक्टर आन्सेल्म रिव्हार मात्र गुडघे कुरकुरत असतानाही खड्ड्याच्या काठावर बसले. त्यांना बिशपच्या पत्रानुसार साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. नाहीतर सें-सेव्हरें गावच्या मंडळींनी त्यांना कुठल्याही मोठ्या कामाला बोलावलं नसतं. डॉक्टर गावात एकवीस साली आले होते, आता बासष्ट साल लागलं होतं, तरी अजून ते 'नवे डॉक्टर'च होते.

कबर होती फादर सेव्हरें गोदबूंची. ज्यांनी हे गाव वसवलं आणि ज्यांच्या नावाच्या संताचं नाव गावाला दिलं, ते गोदबू. सगळ्या गावाला तोंडपाठ असलेली गोष्ट अशी: एकोणीसशे सातच्या हिवाळ्यात, उपवासकाळ लागायच्या आदल्या मंगळवारी, नदीपलीकडच्या एका मरणाऱ्या माणसाला शेवटचा संस्कार देऊन गोदबू परत निघाले. बरोबर वाटाड्या होता, जेरेमी लारोक नावाचा मेती. मेती म्हणजे नदीकाठचे, अर्धे फ्रेंच नि अर्धे क्री आदिवासी रक्ताचे लोक. गाव वसायच्या आधीपासून तिथं राहणारे. हिमवादळ उठलं. चर्चमधली घंटा वाजवण्याचं काम ओनेझीम ब्रिसेतकडे होतं. त्यानं वाट चुकलेल्यांना ऐकू जावी म्हणून रात्रभर घंटा बडवली, हाताची सालटी निघाली तरी सोडली नाही. पण जेरेमी फादरना टाकून पळाला. फादर गावाच्या कुंपणाशी गोठून गेले आणि तो पळपुटा नदीच्या वाटेवर मेला.

आता नवं चर्च बांधून झालं होतं. जूनमधल्या सें-जाँच्या सणाला बिशप येणार, आणि गोदबूंच्या अस्थी वेदीखाली ठेवायच्या, असं ठरलं होतं.

"उलटं पुरलंय हो!" बेर्तीलबाई म्हणाल्या. "फादरचं डोकं वेदीकडे हवं. पाय वेदीकडे करून आम्ही साधी माणसं झोपतो. शेवटच्या दिवशी लोकांनी वेदीकडे तोंड करून उठायचं आणि फादरनी लोकांकडे. एवढं तर पोराटोरांना ठाऊक आहे!"

"पेटी सरळच पुरलीय," डॉक्टर म्हणाले. "झाकणावरचा क्रूस बघा. क्रूस डोक्याच्या बाजूला ठोकतात ना? तो वेदीकडेच होता. आतला माणूस उलटा आहे."

त्यांनी झाकण फिरवून उन्हाकडे धरलं. क्रूसाच्या विरुद्ध टोकाला दोन बारीक भोकांतून उजेड आरपार आला.

"हा क्रूस आधी इथं होता," डॉक्टर पुटपुटले. "कुणीतरी उपटून दुसऱ्या टोकाला ठोकलाय."

मग त्यांनी खाली वाकून हाडं पाहिली. चार शिंपल्याच्या गुंड्या, सदऱ्याच्या. एक जपमाळ. मऊ कातड्याच्या जोड्याचे तुकडे. बस्स. डावं मांडीचं हाड कधीकाळी मोडून वाकडं सांधलेलं होतं. आणि माणूस बुटका होता. गावच्या सभागृहातल्या तसबिरीत गोदबू दाराच्या चौकटीत मान वाकवून उभे होते.

"बाई, त्या हिवाळ्यात डाव्या पायानं लंगडणारं कोण मेलं होतं?"

बेर्तीलबाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"जेरेमी लारोक! अरे देवा, पंचावन्न वर्षं आम्ही त्या पळपुट्यापुढे मेणबत्त्या लावतोय?"

२

"मला नाव हवंय," फादर कोर्मिये म्हणाले. बिचारे तरुण होते आणि आधीच त्यांची झोप उडाली होती. "डॉक्टरसाहेब, बिशपला काय सांगू मी? कोणी केलं हे? बेर्तीलबाई तर म्हणतायत, हाडं आजच्या आज कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर टाका."

"दोन दिवस थांबवा त्यांना."

"त्यांना? आणि मी?"

डॉक्टर हसले, पण त्यांना हसू आलेलं नव्हतं. ते पाइप पेटवून चालू लागले.

हिवाळ्यात इथं कुणाला पुरत नाहीत. कुदळ जमिनीवर आपटून उलटी येते. मेलेली माणसं मे महिन्यापर्यंत कब्रस्तानातल्या दगडी प्रेतकोठीत पेटीबंद राहतात. पेट्या सगळ्या सारख्या, पाटीबिटी काही नाही. कोण कुठलं, हे क्रूसाच्या दिशेवरून कळायचं: साऱ्यांचे पाय वेदीकडे आणि एकट्या फादरचं डोकं वेदीकडे. मे महिन्यात नवा फादर आला, त्यानं दिशा बघून पेट्या उचलायला लावल्या. ओनेझीम असता तर त्याच्या कदाचित लक्षात आलं असतं, पण त्यानं त्या वसंतात घंटेचं काम सोडलं आणि तो उत्तरेला लाकूडतोडीला निघून गेला.

चार दणकट माणसं असती तर त्यांनी अख्ख्या पेट्या फिरवल्या असत्या. ज्यानं नुसते क्रूस उपटून फिरवले, तो एकटा होता आणि पेटी हलवायची ताकद त्याच्यात नव्हती. जेरेमीला वेदीजवळ निजवायची इतकी हौस गावात किती जणांना असणार?

जेरेमीची लेक फिलोमेन लारोक नदीकाठी लाकडी घरात राहत होती. पासष्टीची बाई, गेल्या हिवाळ्यापासून खोकल्यानं वाळलेली. त्या छातीत काय आहे हे डॉक्टरांना माहीत होतं आणि तिलाही. पुढचा हिवाळा तिला दिसणार नव्हता. तिनं तव्यावरची गालेत, म्हणजे जाड भाकर, उलटली आणि मागं न बघता म्हणाली, "सापडलं वाटतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बेर्तीलचा आवाज नदीपलीकडे ऐकू येतो. बसा. चहा घ्या."

डॉक्टर बसले. तीच बोलली.

"आईनं केलं. त्या वर्षी मार्चमध्ये गावानं ठरवलं, की जेरेमीला कुंपणाबाहेर, बाप्तिस्मा न झालेल्या पोरांशेजारी पुरायचं. आई त्यांच्या पाया पडली. काही उपयोग झाला नाही. मग एका रविवारी सगळं गाव चर्चमध्ये मिस्साला बसलं असताना ती हातोडी घेऊन गेली. भरदिवसा हो! मेती बाईकडे बघतंय कोण? मी दाराशी उभी होते. कुठली पेटी बाबाची आणि कुठली फादरची, ते दिशेवरून तिलाही कळत होतं."

"म्हणजे तुझ्या आईला ठाऊक होतं, की जेरेमी पळाला नव्हता?"

फिलोमेननं उलथनं खाली ठेवलं. "कोण म्हणालं? पळालाच तो. आई म्हणायची, 'पळाला असला तरी माझा नवरा आहे. तो बाहेर कुत्र्यामांजरासारखा पडायचा नाही.' डॉक्टर, मी पन्नास वर्षं त्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. गाव त्याच्यापुढे गुडघे टेकायचं आणि मला हसू यायचं. घरी आले की रडू यायचं, कारण तो पळालाच होता ना!" तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ती म्हणाली, "काढतील का त्याला? मला तेवढं सांगा. मी मरेपर्यंत थांबवता येईल का? फार दिवस थांबायला लागणार नाही त्यांना."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुझा बाप त्या दिवशी काय घालून गेला होता?"

"हे काय मध्येच? रानगव्याच्या कातड्याचा कोट. आईनं शिवलेला, शिंगाच्या गुंड्यांचा. त्या कोटात माणूस बर्फात झोपला तरी मरत नाही. तो कोट कधी घरी परत आला नाही. पेटीत असेल की."

"पेटीत कोट नव्हता," डॉक्टर सावकाश म्हणाले. "सदऱ्याच्या गुंड्या होत्या फक्त. फिलोमेन, फेब्रुवारीच्या हिमवादळात जीव वाचवायला पळणारा माणूस अंगातला कोट काढून ठेवतो का गं?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तव्यावरची भाकर करपली तरी तिला कळलं नाही.

३

"मी अजून माझं मत बदललेलं नाही," बेर्तीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुकानाच्या फळीवर वाटाण्याच्या सुपाचा वाडगा आदळला. "खा. रोडावलात किती! पण मत बदललेलं नाही. रोझालीनंच केलं असणार, त्याच्या बायकोनं. हो ना? बघा! तुमचा चेहरा सांगतोय."

"पेट्या तुमच्या वडिलांनी केल्या होत्या ना?"

"त्यांनीच. गावातला एकुलता एक सुतार. त्यांनी आणि ओनेझीमनं दोघांना शोधलं, पेटीत घातलं, सगळं सगळं. वडील त्यानंतर कधी धड हसले नाहीत. किती लागलं होतं मनाला!"

"त्या रात्रीचं तुम्हांला काही आठवतं?"

"अहो, न आठवायला काय झालं? उपवासाआधीचा मंगळवार! सगळं गाव आमच्याकडे. गावात लाकडी फरशी आमच्याच घरी होती, बाकीचे मातीच्या घरात राहायचे." बाईंचा आवाज जरा अभिमानानं चढला. "मांस भरलेल्या पोळ्या, साखरेच्या वड्या, चाळीस दिवसांचं खाणं एका रात्रीत! मुलांना माडीवर कोटांच्या ढिगावर झोपवलेलं. मला झोप येते कुठली? वादळ असं की कुणाला दाराबाहेर पाऊल टाकता येईना. सकाळपर्यंत सगळे आमच्याकडेच."

"बारा वाजता नाच थांबला असेल. बारानंतर उपवास सुरू."

बेर्तीलबाईंनी फळी पुसायच्या फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"डॉक्टर, आता सगळे मेलेत म्हणून सांगते. नाही थांबला. राखेच्या बुधवारी, उपवासाच्या पहिल्याच दिवशी, पहाटेपर्यंत नाचले सगळे. आई मला सकाळी म्हणाली, 'बारानंतर फिडल ऐकलंस हे कुणाला बोललीस, तर सैतान न्यायला येईल तुला.' मी घाबरून अंथरूण ओलं केलं होतं. बारा वर्षांची घोडी!" त्या हसल्या, मग ओशाळल्या.

डॉक्टरांनी चमचा ठेवला. "तुमचं घर चर्चच्या समोरच होतं. घंटा ऐकू येत असेल जोरात."

"घंटा? फिडल आणि पायांचा धडाधडा आवाज, त्यात घंटा कुठली ऐकू येते?"

"फिडल कोण वाजवत होतं?"

"ओनेझीम, दुसरं कोण? त्याच्याशिवाय या गावात नाच झालाय का कधी? रात्रभर हात थांबला नाही पठ्ठ्याचा—"

बाईंचं वाक्य तिथंच तुटलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या मनात या दोन गोष्टी कधी शेजारी आल्याच नव्हत्या. एका खणात घंटा बडवणारा ओनेझीम, दुसऱ्या खणात फिडलवाला ओनेझीम. आता दोन्ही खण एकदम उघडले आणि त्या मटकन पोत्यावर बसल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "नाही, नाही."

४

ओनेझीम ब्रिसेत ऐंशी वर्षांचा होता. लेकीच्या ओसरीवर घोंगडी पांघरून बसला होता. डॉक्टरांना येताना पाहून त्यानं घोंगडी गळ्यापर्यंत ओढली.

"नवे डॉक्टर, मला काही होत नाहीये. जा."

"तळहात दाखवा."

"कशाला?"

"गावात तुमच्या तळहातांची गोष्ट सांगतात. दोरानं सोललेले. मला एकदा बघायचेत."

म्हाताऱ्यानं हात घोंगडीखालून काढले नाहीत. डॉक्टर त्याच्या शेजारच्या बाकावर बसले. राग यावा असं त्यांना वाटत होतं, पण या वाळक्या माणसाकडे बघून राग नीट येईना, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

"ओनेझीम, एका माणसाला दोनच हात असतात. एकाच रात्री त्यात फिडलही राहत नाही नि घंटेचा दोरही. त्या रात्री घंटा वाजलीच नाही."

म्हाताऱ्यानं घोंगडी आणखी वर ओढली.

"जेरेमीच्या अंगावर कोट नव्हता," डॉक्टर पुढं म्हणाले. "कुठं आहे तो कोट, ते मी सांगू की तुम्ही सांगता? तुम्हीच मेखा ठोकल्यात त्या पेटीला."

"फादरच्या अंगावर," म्हातारा म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "त्यांच्या कोटावरून चढवलेला. गुंड्या लावलेल्या, हातमोजेही दोन-दोन. आणि जेरेमी नुसत्या सदऱ्यात त्यांच्यावर पालथा पडलेला, वारा अडवायला. कुंपणाची तार हातात धरून. तिथून चर्च… इथून ते लाल कोठार दिसतं ना, तेवढं. एक टोला ऐकू आला असता तरी पोचले असते."

"मग?"

"मी फक्त एक गाणं वाजवून जाणार होतो. खरंच! मग दुसरं म्हणाले. मग वादळ इतकं वाढलं, म्हटलं, या वाऱ्यात फादर निघालेच नसतील, पलीकडेच राहिले असतील. मग बारा वाजले. बारा वाजल्यावर घंटा वाजवायला गेलो असतो तर सगळ्यांना थांबावं लागलं असतं." तो थांबला. "सकाळी मी आणि सुतार पोमेर्लो गेलो. दोघं तसे एकत्र सापडले असते, तर पहिला प्रश्न काय? एवढ्या जवळ येऊन चर्च का नाही सापडलं? म्हणून मी जेरेमीला ओढत नदीच्या वाटेवर नेलं. उघड्या हातांनी. गोठलेल्या माणसाला उघडा हात लावला की कातडी चिकटते, डॉक्टर. ती दोरानं नाही निघाली."

"आणि फादरच्या अंगावरचा कोट?"

"निघेना. लाकूड झालं होतं सगळं. तसाच पेटीत घालून खिळे ठोकले."

"पण त्या नाचाला गावातली झाडून सगळी मोठी माणसं होती! त्यांना माहीत होतं तुम्ही कुठं होतात."

ओनेझीमनं पहिल्यांदा डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहिलं.

"तेच तर! मी उंबऱ्यात उभा राहून म्हणालो, 'रात्रभर घंटा वाजवली, जेरेमीनंच घात केला.' सगळे ऐकत होते. वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, 'अरे लबाडा, तू तर आमच्यासमोर फिडल वाजवत होतास.' एकानं जरी म्हटलं असतं तरी मी तिथंच रडलो असतो. कोणी बोललं नाही. बारानंतर सगळेच नाचले होते ना? पोमेर्लोच्या बायकोनं माझ्या हाताला मलमपट्टी केली आणि म्हणाली, 'बिचारा ओनेझीम.' तिथून पुढं ती गोष्ट माझी राहिलीच नाही. ती गावाची झाली."

"रोझाली तुमच्या पाया पडायला आली होती तेव्हा?"

म्हाताऱ्यानं घोंगडी तोंडावर ओढली. तरी डॉक्टर उठले नाहीत, बसून राहिले.

५

कुंपणाबाहेरची, जेरेमीची म्हणून खणलेली कबर शुक्रवारी सकाळी उघडली. फादर कोर्मियेंनी गावाला बोलावलं नव्हतं, पण गाव आलं. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. लेकीच्या दंडाला धरून ओनेझीम आला आणि सगळ्यांसमोर, डॉक्टरांना बोलला होता तेच बोलला. मध्ये दोनदा त्याचा आवाज गेला. कुणी त्याला पाणी दिलं नाही आणि कुणी शिवीही दिली नाही. प्रत्येकाला आपापला बाप, आपापली आजी आठवत असणार, लाकडी फरशीवर नाचताना.

झाकण काढलं. उंच माणसाची हाडं होती. त्यांच्यावर काळ्या लोकरीच्या चिंध्या, आणि त्यावरून रानगव्याच्या कातड्याचा कडक झालेला कोट, शिंगाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या.

फिलोमेन पुतण्याचा हात धरून उभी होती. तिनं कोटाकडे पाहिलं. मग खाली बसून सगळ्यात वरच्या गुंडीवर बोट ठेवलं.

"ही आईनं शिवली," ती म्हणाली. "बाबा, मी तुला पळपुटा समजले रे." आणि ती तोंड न झाकता, मोठ्यानं रडली. तिला रडताना त्या गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

बऱ्याच वेळानं फादर कोर्मिये पुढं आले. "फिलोमेनबाई, मी बिशपशी बोललो आहे. दोघांनाही वेदीखाली ठेवू. शेजारी शेजारी. दगडावर दोन्ही नावं."

"हो हो," बेर्तीलबाई घाईघाईनं म्हणाल्या. त्यांचं नाक रडून सुजलं होतं. "आणि दगडाचा खर्च आमचा. पहिल्या मेणबत्त्या मी लावीन, फिलोमेन, माझ्या हातानं."

फिलोमेन डोळे पुसून उठली.

"नको," ती म्हणाली. "मी त्याला आईजवळ नेते, नदीवर."

"अगं, पण डॉक्टर सांगत होते, त्याला तिथून काढू नका असं तूच म्हणालीस!"

"तेव्हा तुम्हांला माहीत नव्हतं. तुम्ही त्याला मोठा माणूस समजून गुडघे टेकत होतात, आणि मला ते पुरत होतं. आता तुम्ही लाज वाटते म्हणून टेकाल. तुमच्या लाजेखाली मी त्याला नाही निजवणार."

बेर्तीलबाई बाजूला सरकल्या.

जेरेमीच्या अस्थी एका नव्या पेटीत घातल्या होत्या. पेटी पुतण्याच्या पिकअपमध्ये चढवायची वेळ आली तेव्हा ओनेझीम लेकीचा हात सोडून पुढं आला आणि त्यानं पेटीखाली हात घालू पाहिला. फिलोमेन त्याच्याकडे नुसती बघत राहिली. त्यानं हात मागं घेतले. डॉक्टरांनी आणि पुतण्यानं पेटी चढवली. डॉक्टरांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी तेही मागच्या फळीवर पेटीशेजारी चढून बसले.

गाडी सुरू झाली तेवढ्यात फादर कोर्मिये धावत आले. त्यांच्या हातात तो कोट होता, पांढऱ्या कापडावर ठेवलेला.

"बाई, हा तुमचा! हा तुमच्याबरोबर जायला हवा."

फिलोमेननं खिडकीतून हात बाहेर काढला. कोटावर ठेवला, क्षणभर तसाच ठेवला आणि मग कापडासकट तो कोट परत त्यांच्या छातीशी लोटला.

"गोदबूंच्या अंगावर घाला परत," ती म्हणाली. "बाबानं त्यांना दिलेला आहे. दिलेलं मागून घ्यायची रीत नाही आमच्यात."

पुतण्यानं गाडी नदीच्या वाटेला लावली.